अक्षयनीवी : नाशिकच्या एका धर्माभ्यासकाच्या वर्गाचं प्रकरण

गेल्या वर्षभरात इतर महाविद्यालयांतल्या बऱ्याच सहकाऱ्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली : 'तौलनिक धर्मवाचन' या आमच्या दोन क्रेडिटच्या ओपन इलेक्टिव्हची, म्हणजे दुसऱ्या शाखांच्या मुलांसाठीच्या विषयाची, पीडीएफ. ती मी पाठवते. पण दर वेळी वाटतं, की या चार पानांवरून वर्ग उभा राहणार नाही. तो उभा राहायला एका माणसाची नोकरीची सगळी वर्षं लागली, आणि तो माणूस निवृत्त झाल्याबरोबर वर्ग पाच वर्षं बंद पडला. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

सरांचं नाव लिहीत नाही, तशी त्यांचीच अट आहे. महाविद्यालयाचंही लिहीत नाही, कारण यातल्या काही गोष्टी संस्थेला भूषणावह नाहीत. शहर मात्र लपवता येणार नाही. या वर्गाचे अर्धे पाठ नाशिकनेच लिहिलेले आहेत.

पंचवटीत गुरुजी, जुन्या नाशकात पंडितजी

सरांचं घर तीर्थोपाध्यायांचं. रामकुंडावर येणाऱ्या यजमानांच्या वह्या या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या. लांबट, लाल कापडात बांधलेल्या. पाहुणा आला की गाव आणि आडनाव विचारायचं, आणि थोड्या वेळात त्याच्या पणजोबांचं नाव, कधीकधी त्यांच्याच अक्षरात, समोर ठेवायचं. सर लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून पानं उलटायचे. दुसऱ्याच्या घरची आठवण आपल्या घरात जपायची असते, हे त्यांनी तिथे पाहिलं. पुढे वेदपाठशाळा, मग रीतसर शिक्षण, संस्कृतात एम. ए. आणि महाविद्यालयात नोकरी.

पीएच. डी.साठी त्यांनी शेख महंमद निवडले. श्रीगोंद्याचे शेख महंमद सूफी परंपरेतले. त्यांनी 'योगसंग्राम' मराठी ओवीत लिहिला, आणि वारकऱ्यांनी त्यांना आपल्या संतांत बसवलं. प्रबंध लिहिताना सर काही शब्दांपाशी वारंवार अडायला लागले. मार्गदर्शक म्हणाले, कोश बघा. सरांनी कोश पाहिला आणि मग जुन्या नाशकात एका मौलानांकडे गेले.

मौलानांनी शिकवायला होकार दिला, पण अट घातली. ती सर आजही शब्दशः सांगतात : "पंडितजी, एक गोष्ट पाळायची. सगळे धर्म एकच आहेत असं माझ्यासमोर म्हणायचं नाही. एकच असतील तर माझ्याकडे शिकायला कशाला आलात?"

सहा वर्षं, आठवड्यातून तीन दिवस, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर सर त्यांच्याकडे जात होते. अलिफ-बे पासून सुरुवात. घरी काही काळ अबोला होता. गल्लीतही प्रश्न होते, दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत. मौलानांना लोक विचारत, हा भटजी काय काढून नेतोय? पंचवटीत विचारत, गुरुजी तिकडे काय ठेवून आलेत? सरांनी कोणालाच उत्तर दिलं नाही, आणि माझ्या मते ते बरोबर केलं. सहा वर्षं तीच वाट चालत राहिल्यावर विचारणारेच थांबले.

ग्रीक मुळाक्षरं त्यांना शरणपूरच्या एका निवृत्त पाळकांनी शिकवली. आज नाशिककरांना 'शरणपूर रोड' म्हटलं की दुकानं आठवतात. मुळात ते चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वसवलेलं ख्रिस्ती गाव. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे राहून शिकली. त्यांतला जेकब वेनराइट १८७३-७४ मध्ये शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांत होता, आणि पुढे त्या शवपेटीबरोबर थेट इंग्लंडपर्यंत गेला. सर हे वर्गात सांगायचे तेव्हा नाशिकचीच मुलं थक्क होऊन ऐकायची.

शाल, श्रीफळ आणि चार खुर्च्या

पीएच. डी. झाल्यावर सरांना शहरात मागणी वाढली. सर्वधर्म सभा, सद्भावना मेळावा, एकात्मता सप्ताह. सगळीकडे ठरलेला क्रम : दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, व्यासपीठावर चार खुर्च्या. प्रत्येक जण सांगतो की माझा धर्म शांती शिकवतो. टाळ्या, आभार, राष्ट्रगीत. गणपती आणि मोहरम एका आठवड्यात आले की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक व्हायची, तिथेही सर हजर असत. जवळजवळ वीस वर्षं त्यांनी हे मनापासून केलं.

मग एका वर्षी महाविद्यालयाने वर्धापनदिनाला मोठी सर्वधर्म परिषद घ्यायचं ठरवलं आणि अध्यक्षपद सरांना दिलं. सरांनी नकाराचं पत्र दिलं. ते पत्र मी पाहिलं आहे. जेमतेम अर्ध्या पानाचं. त्यात मागणी होती : सभागृह नको, एक वर्गखोली हवी. बुधवारच्या शेवटच्या दोन तासिका हव्यात, ग्रंथालयातलं एक कपाट हवं, आणि हजेरीपट हवा.

हजेरीपट कशाला, असं मी नंतर विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, सभेला माणूस येतो तो पाहुणा म्हणून. पाहुणा गोड बोलतो आणि जेवून जातो. हजेरी लागली की तो विद्यार्थी होतो. त्याला पुढच्या बुधवारी परत यावं लागतं, मागच्या बुधवारी भांडण झालं असेल तरी."

प्राचार्यांना तो अपमान वाटला. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही. इथे मला प्राचार्यांची बाजूही मांडायची आहे, कारण असा प्रस्ताव नेणाऱ्या प्रत्येकाला ती ऐकावी लागेल. त्यांचं म्हणणं होतं, की सभेला हजार माणसं येतात, वर्गाला पंधरा येतील. शहरात ताण आला की हजार माणसांनी चार धर्मगुरूंना शेजारी बसलेलं पाहिलेलं असणं उपयोगी पडतं. हे खोटं नाही. पण सभा होते ती ताण आल्यावर किंवा वर्धापनदिनाला. तहान लागल्यावर विहीर खणायची आणि पुरेसं पाणी लागलं नाही म्हणून हळहळायचं, हे आपण किती वर्षं करणार? आपल्याच शहरात सिंहस्थाला वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकला स्नान करतात. ती वाटणी पेशवाईतल्या भांडणानंतरची. घाट वेगळे केल्याने रक्तपात टळला आणि ते आवश्यकच होतं. तरी वेगळे घाट म्हणजे ओळख नव्हे, आणि चार वेगळ्या खुर्च्याही नव्हेत.

शेवटी २०१२ मध्ये प्रमाणपत्र अभ्यासक्रम म्हणून वर्गाला मान्यता मिळाली. मानधन शून्य. पहिल्या वर्षी अकरा मुलं.

मराठी सगळ्यांची

वर्गाची पद्धत सरांनी अर्धी बाहेरून घेतली आणि अर्धी स्वतः घडवली. १९९० च्या दशकात पीटर ऑक्स या ज्यू तत्त्वज्ञाने आणि डेव्हिड फोर्ड या ख्रिस्ती ईश्वरविद्येच्या अभ्यासकाने काही सहकाऱ्यांसह 'स्क्रिप्चरल रीझनिंग' नावाची रीत सुरू केली. ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम छोट्या गटात बसतात, तिन्ही ग्रंथांतले छोटे उतारे मध्ये ठेवतात आणि एकत्र वाचतात. एकमत करायचं बंधन नाही. सरांना हे फार आवडलं, पण अडचण लगेच दिसली. "त्यांच्या तिघांत अब्राहम सामाईक आहे," ते म्हणाले. "आपल्या वर्गात अब्राहम सगळ्यांचा नाही. मराठी सगळ्यांची आहे."

म्हणून वर्गाचा पाया मराठी शब्द. एका कागदावर दोन स्तंभ, डावीकडे मूळ उतारा, उजवीकडे मराठी. प्रश्नांचा क्रम कधी बदलायचा नाही. आधी, इथे काय लिहिलं आहे? मग, ज्यांचा हा ग्रंथ आहे ते याला काय समजतात? सगळ्यात शेवटी, मला काय वाटतं? मुलं तिसऱ्या प्रश्नावर उडी मारायला बघायची आणि सर त्यांना शांतपणे पहिल्यावर परत आणायचे. मला विचाराल तर अख्ख्या पद्धतीचा जीव या क्रमात आहे.

एक तासिका सांगते. उतारा मराठी बायबलमधला, शब्द 'तारण'. वाणिज्य शाखेचा एक मुलगा म्हणाला, "सर, तारण म्हणजे कर्जाला देतो ते ना? घर तारण ठेवतो तसं?" शेजारी बसलेल्या ख्रिस्ती मुलीने हा शब्द जन्मापासून प्रार्थनेत ऐकला होता, बँकेतलं तारण तिला माहीत होतं, पण दोन्ही शब्द एकच आहेत हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. सरांनी फळ्यावर 'तॄ' धातू लिहिला : तरणे, तारू, तारक, तीर्थ, अवतार. मग म्हणाले, "आता मला सांगा, बुडणाऱ्याला वाचवणं आणि कर्ज बुडू नये म्हणून काहीतरी बांधून ठेवणं, यांत काय सारखं आहे?" पुढचा पाऊण तास कोणी घड्याळ पाहिलं नाही. ती मुलगी म्हणाली, आमच्यात कोणीतरी दुसऱ्यासाठी स्वतःला तारण ठेवतो, असंही म्हणता येईल. एक जैन मुलगा म्हणाला, आमच्याकडे दुसरा कोणी तारत नाही, तीर्थंकर घाट बांधून देतात, पोहायचं आपणच. दोघांनी एकमेकांचं खोडून काढलं नाही आणि आपलं सोडलंही नाही.

दुसऱ्या एका बुधवारी मौलाना स्वतः आले होते. 'रहमान' आणि 'रहीम' ज्या धातूपासून येतात त्याच धातूपासून अरबीत गर्भाशयाचा शब्द येतो, आणि हिब्रूतही तसंच आहे, हे त्यांनी सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी एवढंच म्हणाली, "म्हणजे माउली." मौलाना क्षणभर थांबले. मग म्हणाले, "शब्द तुमचा आहे, मी अल्लाहला आई म्हणणार नाही. पण तुम्हाला काय कळलं ते मला कळलं." संवाद कसा असतो हे दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

चूकही झाली, ती लिहायलाच हवी. पहिल्या वर्षाच्या समारोपाला कोणीतरी सुचवलं, की मुलांनी एकमेकांच्या प्रार्थना म्हणाव्यात. फोटो छान येईल. सरांनी नाही म्हटलं नाही. एका मुस्लिम मुलीने संस्कृत श्लोक सुंदर म्हटला, फोटो फिरला, आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. ते चिडलेले नव्हते, घाबरलेले होते. म्हणाले, "सर, ती शिकतेय याचा मला अभिमान आहे. पण वाचणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. आमच्या मोहल्ल्यात मला उत्तर द्यावं लागतं, तुम्हाला नाही." सरांनी त्यांची माफी मागितली, फोटो काढून टाकायला लावला, आणि नियम केला : या वर्गात दुसऱ्याचा ग्रंथ वाचायचा, दुसऱ्याची उपासना करायची नाही. मुलगी पुढच्या बुधवारी आली. वडीलच सोडायला आले होते.

२ मार्च

या प्रकरणातला खरा प्रसंग आता सांगते. वर्ष २०१५, वर्गाची तिसरी तुकडी, रामनवमी जवळ आलेली. विषय होता रामकथा : वाल्मीकी, जैन परंपरेतली रामकथा, बौद्ध दशरथ जातक, आणि शेवटी काळाराम मंदिराची भेट. सरांच्या घरापासून मंदिर पाच मिनिटांवर. त्यांच्या दृष्टीने वर्गाला आपल्या अंगणात नेण्याचा दिवस होता तो.

दरवाज्याजवळ आल्यावर नाशिकरोडकडचा एक मुलगा मागे थांबला. बौद्ध कुटुंबातला, वर्गात सगळ्यात जास्त वाचून येणारा.

"सर, मी बाहेर थांबतो."

"का रे?"

"माझे पणजोबा बाहेरच थांबले होते. १९३० साली."

सर म्हणाले, "अरे, आता दार उघडंच आहे."

मी तिथे होते. सरांच्या आवाजात प्रेम होतं, घाई होती, आणि चूक होती. मुलगा शांतपणे म्हणाला, "उघडं आहे हे दिसतंय, सर. ते कोणी उघडायला लावलं, हे आपल्या चार पानांत कुठे आहे?"

अभ्यासक्रमाची चार पानं सगळ्यांच्या हातात होती. कोणी उघडून बघायची गरज नव्हती. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच दारांसमोर सत्याग्रह सुरू झाला, दारं बंद केली गेली, दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी तो पुढे वर्षानुवर्षं लढवला, आणि तरी दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. नाशिकमध्ये बसून आंतरधर्मीय संवादाचा अभ्यासक्रम लिहिणाऱ्या माणसाने शेख महंमद घेतले, बायबल घेतलं, जातकं घेतली, आणि हे घेतलं नव्हतं. अरबी शिकायला सहा वर्षं गल्ली ओलांडून जाणाऱ्या माणसाला स्वतःच्या गल्लीतलं दार दिसलं नव्हतं. सरांबद्दल मला नितांत आदर आहे, म्हणूनच हे इतकं स्पष्ट लिहिते.

त्या दिवशी कोणीच आत गेलं नाही. सर सगळ्यांना घेऊन परतले. पुढच्या बुधवारी ते वर्गात आले ते काही कागद न आणता. खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "१९३० साली त्या दिवशी माझे आजोबा दाराच्या आत होते. आत होते म्हणजे दार धरून होते. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी ते तुम्हाला सांगितलं नव्हतं, आणि न सांगता तुम्हाला तिथे घेऊन गेलो."

मुलगा काही बोलला नाही. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग मौलानांच्या शिष्याने, तो त्या वर्षी निमंत्रित म्हणून यायचा, त्या मुलाला विचारलं, "आम्ही काय वाचावं, असं तुम्हाला वाटतं?" मुलाने पुढच्या वेळी येवल्याच्या परिषदेची माहिती आणि धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञा आणल्या. दोन स्तंभ, तेच तीन प्रश्न, तोच क्रम. प्रतिज्ञा वाचणं काही मुलांना जड गेलं. त्यांतल्या दोघांनी पुढे येणं बंद केलं. सरांनी त्यांना फोन केले, त्यांच्या घरी गेले. एक परतला, एक नाही.

वर्षाअखेरीच्या प्रश्नपत्रिकेत सरांनी विचारलं होतं : संवादाची पूर्वअट कोणती? त्या मुलाच्या उत्तरातलं एक वाक्य मी उतरवून ठेवलं आहे. "आत कोणाला घ्यायचं हे एकच बाजू ठरवत असेल, तर त्याला संवाद म्हणत नाहीत, परवानगी म्हणतात." सरांनी वीसपैकी अठरा गुण दिले. दोन कशाचे कापले असं मी विचारलं, तर म्हणाले, उत्तर अर्धं आहे, पुढे काय करायचं ते लिहिलेलं नाही. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पुढे काय करायचं ते लिहिणं ही त्या मुलाची जबाबदारी नव्हती.

तो आता मुंबईत नोकरी करतो. हे लिहिण्याआधी मी त्याची परवानगी घेतली. म्हणाला, "लिहा, मॅडम. फक्त शेवटी माझं समाधान झालं असं लिहू नका." सरांच्या निरोपसमारंभाला तो आला नव्हता.

अभ्यासक्रम त्या उन्हाळ्यात बदलला. १९३०, १९३५ आणि १९५६ हे पहिलं प्रकरण झालं. ज्या गावात वर्ग भरतो त्या गावात कोणतं दार कोणासाठी बंद होतं, इथून सुरुवात. जलालपूर या नाशिकजवळच्या गावात जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या घरात धर्मांतराने काय उलथापालथ झाली, तेही त्याच प्रकरणात आलं : नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर स्वतःच्या मनाने तिथवर पोचायला त्यांना १९०० साल उजाडलं. ज्यांनी माझ्याकडे पीडीएफ मागितली त्यांना मी हेच सांगते, की पहिलं प्रकरण आमचं उचलू नका. ते तुमच्या गावाचं असायला हवं.

लेणं क्रमांक १०

पांडवलेण्यांची भेट सर नेहमी शेवटी ठेवायचे. त्रिरश्मी डोंगरावरची ही चोवीस लेणी, महामार्गावरून जाताना रोज दिसणारी. मुलं इथे सहलीला आलेली असतात, पण भिंत वाचायला कोणी आलेलं नसतं.

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात ती आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, 'एकबम्हण', म्हणजे एकमेव ब्राह्मण, म्हणते, आणि ज्या लेखात हे म्हणते तोच लेख ते लेणं बौद्ध भिक्खूंना दिल्याचा आहे. हे वाचून मुलं चमकतात. पण सर रेंगाळायचे ते दहाव्या लेण्यापाशी.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात. त्याचे लेख या ओसरीत आहेत. एका लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गायींचा, गावांचा, घाट-धर्मशाळांचा हिशोब आहे, आणि त्याच दमात हे लेणं चारी दिशांकडून येणाऱ्या भिक्खुसंघाला दिल्याचं आहे. दुसऱ्या लेखात पैशांची तजवीज आहे. तीन हजार कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) 'अखयनिवी', म्हणजे अक्षयनीवी, कायमची ठेव. ती गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरजवळचं. एका श्रेणीकडे दोन हजार, व्याज दरमहा शेकडा एक. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, व्याज 'पायून', म्हणजे आपलं पाऊण. दोनला लेखात 'बे' म्हटलं आहे. बे एके बे मधलं बे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवर आपल्या पाढ्यातला शब्द दिसला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

मग सर त्यांना गणित घालायचे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेखात म्हटलं आहे, की इथे वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर राहणाऱ्या, वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडेतिकडे नाही.

आणि पुढे दोन शब्द : 'अपडिदातवा वधिभोजा'. मुद्दल परत द्यायची नाही, वाढ तेवढी भोगायची. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, वाचून दाखवला आणि दप्तरी नोंदवला, असंही लेख सांगतो.

सर म्हणायचे, दान देणाऱ्या राजांची यादी मोठी आहे. उषवदात मला आवडतो तो हिशोबामुळे. कोणत्या श्रद्धेचा माणूस कोणत्या श्रद्धेच्या माणसाला देतो, एवढ्यावर तो थांबला नाही. पुढच्या पावसाळ्यात चीवर कुठून येणार, याचीही व्यवस्था त्याने करून ठेवली.

नोंद कुठे करायची

त्यांच्या स्वतःच्या नोकरीत मात्र हा हिशोब कधी जुळला नाही. २०१० पासून प्राध्यापकांची पदोन्नती एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरीच्या, गुणांवर मोजली जायला लागली. सरांनी मौलानांकडे घालवलेली सहा वर्षं कोणत्या रकान्यात भरायची? मराठी नियतकालिकांतले त्यांचे लेख यादीतल्या शोधपत्रिकांतले नव्हते. बुधवारचा वर्ग बिनमानधनाचा, म्हणून कार्यभारात धरला गेला नाही. आंतरधर्मीय काम म्हणून तो 'विस्तार कार्य' या रकान्यात, वृक्षारोपणाच्या शेजारी बसवला गेला. पदोन्नतीच्या मुलाखतीत एका तज्ज्ञाने विचारलं, तुमचा नेमका विषय कोणता, संस्कृत की हे? सर म्हणाले, दोन्हींत शब्दच वाचतो. त्या वर्षी पदोन्नती झाली नाही, पुढे झाली.

२०१९ मध्ये ते निवृत्त झाले आणि वर्ग बंद पडला. कोणी बंद केला नाही. पुढच्या जूनला वेळापत्रकात बुधवारच्या त्या दोन तासिकांत दुसरा विषय आला, इतकंच. कपाटातली पुस्तकं मूळ फडताळांत परत गेली. मी त्याच महाविद्यालयात मराठी शिकवत होते आणि तीन वर्षं त्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते. मी तेव्हा पुढे झाले नाही, कारण मला अरबी येत नाही, ग्रीक येत नाही, पाली जेमतेम. सरांशिवाय हे होणार नाही, असं मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. याची खंत मला आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या शाखांच्या मुलांसाठी ओपन इलेक्टिव्ह द्यावी लागू लागली, तेव्हा २०२४ मध्ये मी अभ्यास मंडळापुढे हा विषय ठेवला. दोन क्रेडिट, तीस तासिका. विद्या परिषदेत एका सदस्याने विचारलं, धर्म कशाला शिकवायचा? मी म्हटलं, धर्म शिकवत नाही, वाचायला शिकवते. मंजुरी मिळाली. आता हा वर्ग हजेरीसकट, परीक्षेसकट आणि माझ्या कार्यभारात धरून चालतो. मला जे येत नाही त्यासाठी माणसं बोलवावी लागतात : मौलाना आता नाहीत, त्यांचा शिष्य येतो, शरणपूरकडून एक पाळक, त्रिरश्मीकडून एक भन्ते, पंचवटीतून सर. पहिल्या वर्षी सगळे मोफत आले. दुसऱ्या वर्षी मौलानांचा शिष्य संकोचून म्हणाला, मॅडम, मदरशाचा तास सोडून येतो, तेवढा पगार कापला जातो. महाविद्यालयाकडे ओपन इलेक्टिव्हच्या निमंत्रितांसाठी तरतूद नव्हती. मी अर्ज केला, तो फिरत राहिला.

त्या पावसाळ्यात आम्ही लेण्यांवर गेलो तेव्हा सर बरोबर होते. गुडघे दुखतात, तरी पायऱ्या चढले. दहाव्या लेण्याच्या ओसरीत मुलांनी मोबाइलवर दोनशे चाळीसचा हिशोब केला. एका मुलीने विचारलं, "सर, हे सरळव्याज ना? चक्रवाढ लावलं असतं तर?" सर खूश होऊन म्हणाले, "वाढ दरवर्षी वाटूनच टाकायची, मग चढायला राहतंय काय?"

दुसऱ्या आठवड्यात ते महाविद्यालयाच्या लेखा विभागात आले, मीही बरोबर गेले. निवृत्तीच्या पैशांतली एक रक्कम त्यांना संस्थेकडे ठेवायची होती : मुद्दल काढायची नाही, व्याजातून या वर्गाच्या निमंत्रितांना तासिकेप्रमाणे मानधन द्यायचं. लेखापालांनी छापील अर्ज पुढे केला. 'देणगीदाराचं नाव' या रकान्यात सरांनी रेघ ओढली. लेखापाल म्हणाले, सर, नाव नसेल तर पावती कशी फाडू? मग थोड्या वाटाघाटी होऊन मौलानांचं नाव लिहायचं ठरलं, त्यांच्या स्मरणार्थ. 'ठेवीचा हेतू' या रकान्यात सरांनी आधी 'वधिभोजा' असं लिहिलं. लेखापालांनी चष्मा वर करून त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी तो शब्द एका रेघेने खोडला आणि त्याच्या खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं : अरबी, पाली व ग्रीक वाचनाच्या तासिकांचं मानधन, दरसाल.